थर

कच्चं तेल काळं असतं, हे ऐकून होते.
थंडीत ते सुरीनं कापता येतं, हे नव्हतं माहीत.
वाळवंटातल्या विहिरीवरून आलेला डबा, फाटकी चिठ्ठी,
झाकण उघडलं तर आत बुटाच्या पॉलिशसारखं काहीतरी
गप्प बसलेलं.

विद्यापीठामागच्या शेडमध्ये तांब्याची चार मीटर नळी,
तिला थंड पाण्याचा अंगरखा,
एका टोकाला साठ अंशांची टाकी, दुसऱ्या टोकाला मी.
बेचाळीसला पहिला कण दिसतो.
दिसतो म्हणजे, तेल जरासं धुरकटतं,
चष्म्याच्या काचेवर कुणी हळूच श्वास सोडावा तसं.
मग भिंत जवळून जाणाऱ्याला धरून ठेवायला लागते.

घरी विचारतात, नेमकं करतेस काय?
रक्तवाहिनीत चरबी साठते ना, तसं,
असं म्हटलं की सगळे समाधानानं मान हलवतात
आणि आत्या गोळीची वेळ झाली म्हणून उठते.
तसं नाहीये पण.
मेण भिंतीवर बसतं आणि भिंतीचीच थंडी अडवतं.
आपणच आपली गोधडी होतं.
जितका थर जाड, तितका पुढचा सावकाश.
मग आत अडकलेलं तेल थोडं थोडं निसटत जातं
आणि उरतं ते रोज आणखी टणक.
तीन वर्षं मी हे एवढंच आलेखावर काढते आहे.

खरवडायचा गोळा उद्यमनगरातून करून घेतला.
शिकलगारमामांनी लेथवर नायलॉन उतरवलं,
कडेला पितळी पात्या, केसाचाही फरक नाही.
"ह्येला म्हणत्यात काय?"
पिग, म्हटलं. म्हणजे डुक्कर.
मामांनी चष्मा कपाळावर नेला.
"बिलात उंदीर लिव्हतो."
तसंच आहे बिलात: उंदीर, नग एक, रुपये साडेचारशे.
लेखा विभागानं दोनदा परत पाठवलं.

जानेवारी. एकसष्टावा तास.
पत्र्यावरून दव टपकतंय,
हायवेवर उसाच्या ट्रॉल्या आपापली गाणी ओढत चालल्यात.
दाब चढतोय, शहाण्या मुलासारखा, एकेक रेघ.
आणि लाइट गेली.
जनरेटरची किल्ली ज्यांच्याकडे, ते गडहिंग्लजला लग्नाला.
तेल गोठताना आवाज होत नाही.
मला आला.

मामांना फोन का केला, सांगता येणार नाही.
लुनावर आले, कानाला मफलर,
पुढ्यात गोणपाटाची गुंडाळी.
टपरीवाल्याला उठवून चहाचं पातेलं भरून पाणी उकळलं,
नळीला गोणपाट गुंडाळलं, वरून धार धरली,
तोंडाकडून मागं, वीत वीत.
मी घाई केली तर हात बाजूला सारला.
"दमानं. तापलेलं बी दमानं, थिजलेलं बी दमानं."
दीड तासानं नळीच्या तोंडाशी एक थेंब आला,
लोंबला,
विचार करत राहिला,
पडला.

वहीत लिहिलं: एकसष्टनंतरची वाचनं ग्राह्य नाहीत.
कारण, वीज. उपाय, गरम पाणी व गोणपाट.
माणसासाठी रकाना नव्हता.
समासात आडवं लिहिलं, इलाही शिकलगार.

पुढच्या रविवारी त्यांनी सदर बाजारात जेवायला बोलावलं.
तांबडा संपवला, पांढऱ्याची वाटी बोलता बोलता तशीच राहिली,
मामा त्यांच्या पहिल्या लेथची गोष्ट सांगत होते,
कुणाकडून घेतला, कसा हप्ता चुकला.
खाली बघितलं तर वाटीच्या कडेनं पांढरं धरलेलं,
मधे अजून पातळ.
मी चमचा उभा धरला, नखानं खूण केली.
जैबुनमामी दारातून बघत होत्या.
"थंड झाला व्हय? आण, गरम करून देते."
थांबा, म्हटलं,
एक मिनिट.